दोघांचा एक अर्ज : वैद्यकीय नेमणुकांतील संयुक्त पसंतीच्या प्रश्नाचा आढावा

वैद्यकीय महाविद्यालयातून बाहेर पडलेल्या पदवीधराने स्वतंत्रपणे रोग्यावर उपचार करण्यापूर्वी काही काळ एखाद्या रुग्णालयात ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केले पाहिजे, हा दंडक आता बहुतेक देशांत रूढ झालेला आहे. आणि हा काळ कोणत्या शहरात, कोणत्या शाखेत व कोणाच्या हाताखाली घालवावयाचा हे ज्या व्यवस्थेच्या द्वारा ठरते, ती व्यवस्था त्या तरुण वैद्याच्या पुढील आयुष्याचा रोख बव्हंशी ठरवून टाकते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा काळ शाखेप्रमाणे साधारणतः तीन ते सात वर्षांचा असतो. नेमका हाच काळ विवाहाचा आणि संसार मांडण्याचा असतो. आणि वैद्यकीच्या विद्यार्थ्यांची लग्ने पुष्कळदा सहाध्यायांशीच जमत असल्यामुळे, दोघांनाही एकाच वर्षी व एकाच गावी नेमणूक हवी आहे अशी जोडपी तेथे दर वर्षी शेकड्यांनी अर्ज घेऊन उभी राहतात. त्यांच्या अर्जाचा विचार कसा करावा हा प्रश्न वरकरणी कारकुनी वाटतो. परंतु गेल्या सुमारे पन्नास वर्षांत त्याने रुग्णालयांच्या प्रशासकांना, अर्थशास्त्रज्ञांना आणि गणितज्ञांना सारखेच गुंतवून ठेवले आहे, आणि त्याचा महत्त्वाचा भाग आजही अनिर्णित आहे.

मूळ व्यवस्था

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील रुग्णालयांना जितके प्रशिक्षणार्थी हवे होते तितके पदवीधर बाहेर पडत नसत. चांगला विद्यार्थी दुसऱ्याने हेरण्याआधी आपण हेरावा या चढाओढीत रुग्णालये नेमणुकीचा देकार दर वर्षी थोडा अलीकडे आणीत गेली, आणि १९४०च्या दशकाच्या मध्यास पदवीला दीड-दोन वर्षे बाकी असलेल्या विद्यार्थ्याकडून वचन घेऊन ठेवण्यापर्यंत मजल गेली. १९४५ साली महाविद्यालयांनी ठरावीक तारखेपूर्वी विद्यार्थ्यांची गुणपत्रके व शिफारसपत्रे कोणालाही द्यावयाची नाहीत असे ठरवून ही चढाओढ आटोक्यात आणली, पण तिची जागा दुसऱ्या अनर्थाने घेतली. देकार आल्यावर उत्तर देण्याची मुदत दहा दिवसांवरून काही तासांवर आली, आणि अधिक पसंतीच्या रुग्णालयाकडून काही कळण्यापूर्वीच हातातली तार स्वीकारावी की नाकारावी, याचा निर्णय विद्यार्थ्याला करावा लागू लागला.

या अनुभवातून जी केंद्रीय जुळणी उभी राहिली ती आज 'नॅशनल रेसिडेंट मॅचिंग प्रोग्रॅम' या नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्याने रुग्णालयांचा व रुग्णालयाने विद्यार्थ्यांचा पसंतीक्रम एका मुदतीपर्यंत एकाच दप्तरात दाखल करावा आणि नेमणुका तेथे एकदम ठरवाव्यात, अशी तिची रचना होती. तिच्या पहिल्या मसुद्यात, दुर्लभ रुग्णालयाला प्रथम क्रमांक देण्याचे धाडस करणाऱ्या विद्यार्थ्याचे नुकसान होई. विद्यार्थ्यांनी ते वेळीच दाखवून दिले, पद्धत बदलली गेली, आणि १९५२ साली पहिली जुळणी पार पडली. पुढे दहा वर्षांनी डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली या गणितज्ञांनी 'स्थिर जुळणी'ची कल्पना एका छोट्या निबंधात मांडली. आपापल्या नेमणुकीपेक्षा एकमेकांनाच पसंत करणारे विद्यार्थी आणि रुग्णालय कोठेही शिल्लक उरत नसेल तर ती जुळणी स्थिर होय, आणि उभयपक्षी पसंतीक्रम काहीही असले तरी अशी निदान एक जुळणी असतेच, हा त्यांचा सिद्धांत. अमेरिकी वैद्यांनी व्यवहारातून शोधलेली पद्धत तत्त्वतः याच सिद्धांताची अंमलबजावणी होती, हे अल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञाने १९८४ साली सिद्ध केले. या कार्यासाठी रॉथ आणि शॅपली यांना २०१२ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

जोडप्यांचा प्रवेश

ही सारी इमारत एका गृहीतावर उभी होती, आणि ते गृहीत कोणी स्पष्ट शब्दांत मांडलेही नव्हते: प्रत्येक अर्जदार हा एकटा आहे आणि त्याची पसंती ही केवळ त्याची आहे. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकी वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रियांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आतच घोटाळत असल्यामुळे या गृहीताला फारसा धक्का बसला नाही. १९७०च्या दशकात ते प्रमाण झपाट्याने वाढू लागले (२०१७ साली प्रथमच नव्या प्रवेशितांत स्त्रिया निम्म्याहून अधिक झाल्या) आणि त्याबरोबर दोघेही वैद्य असलेली जोडपी केंद्रीय जुळणीला वगळून, रुग्णालयांशी परस्पर बोलणी करून, आपल्या नेमणुका ठरवू लागली. व्यवस्थेची जी प्रतिष्ठा सर्वांच्या स्वेच्छेच्या सहभागावर अवलंबून होती, तिला ही गळती परवडणारी नव्हती.

पहिला उपाय योजला गेला तो असा: जोडप्याने महाविद्यालयाच्या अधिष्ठात्याकडून आपण जोडपे असल्याचा दाखला आणावा आणि दोघांपैकी एकाला 'अग्रणी' म्हणून नेमावे, अग्रणीची नेमणूक प्रथम एकट्याप्रमाणे ठरवावी, आणि नंतर दुसऱ्याच्या यादीतून त्या गावाबाहेरची सर्व रुग्णालये काढून टाकून उरलेल्या यादीवर त्याची नेमणूक करावी. या योजनेमागील हेतू प्रामाणिक होता, परंतु तिने जोडप्याची पसंती ही दोन व्यक्तींच्या पसंतींची केवळ बेरीज मानली. समजा, अग्रणीला एका शहरातील नामांकित रुग्णालय मिळाले आणि त्याच शहरात दुसऱ्याच्या वाट्याला नकोशी जागा आली. दुसऱ्या एखाद्या शहरात दोघांनाही मध्यम पण समाधानकारक जागा मिळू शकत होत्या, जोडप्याला त्याच अधिक हव्या होत्या आणि तेथील रुग्णालयेही त्यांना घेण्यास तयार होती. तरी योजनेत या पसंतीला वाचाच नव्हती. जोडपी पुन्हा परस्पर बोलणी करू लागली, यात त्यांचा दोष काढता येणार नाही.

म्हणून १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात नियम बदलला, आणि तो मूलतः आजही चालू आहे. आता जोडपे एकेका रुग्णालयाचा क्रम लावीत नाही, जागांच्या जोडीचा क्रम लावते. दोघांच्या याद्या समान लांबीच्या असतात. पहिल्याच्या यादीतील पाचवी ओळ आणि दुसऱ्याच्या यादीतील पाचवी ओळ मिळून एक पसंती होते, आणि ज्या सर्वांत वरच्या ओळीवर दोघांनाही जागा मिळते ती ओळ त्यांची नेमणूक ठरते. एकाला जागा मिळाली व दुसऱ्याला न मिळाली तरी चालेल, असेही जोडप्याला एखाद्या ओळीत नोंदवता येते, आणि पुष्कळ जोडपी यादीच्या तळाशी तसे नोंदवतातही. प्रत्येकाने वीस ठिकाणी मुलाखती दिल्या असतील तर चारशे जोड्या संभवतात. नियमाने जास्तीत जास्त तीनशे ओळी लिहिता येतात. या याद्या तयार करताना जोडप्याला स्वतःशीच जी उत्तरे द्यावी लागतात (कोणाच्या शाखेला किती वजन, शंभर मैलांचे अंतर सहन करावयाचे की नाही, एकाची प्रगती रोखून एकत्र राहावयाचे की काय) ती कोणत्याही नियमावलीत सापडणारी नाहीत. विवाहाचा दाखला आता लागत नाही. कोणतेही दोन अर्जदार एकत्र अर्ज करू शकतात. अलीकडे चाळीस हजारांहून अधिक अर्जदारांत अशी बाराशेच्या आसपास जोडपी असतात, आणि त्यांतील बहुसंख्यांच्या दोन्ही सहचरांना जागा मिळते.

गणिताने उघडे केलेले सत्य

जोडीचा क्रम मान्य करताच मूळ सिद्धांताचा आधार सुटतो, हेही रॉथ यांनी १९८४च्याच निबंधात दाखवले. कारण समजावून घेण्यास फार मोठ्या गणिताची गरज नाही. दोन रुग्णालये घ्या, प्रत्येकात एकच जागा. एक जोडपे घ्या आणि एक एकटा अर्जदार. जोडप्याला पहिली व्यक्ती पहिल्या रुग्णालयात आणि दुसरी व्यक्ती दुसऱ्या रुग्णालयात एवढीच व्यवस्था मान्य आहे. एकट्या अर्जदाराला दोन्ही रुग्णालये चालतील, पण पहिले अधिक आवडते. पहिल्या रुग्णालयाला एकट्यापेक्षा जोडप्यातील पहिली व्यक्ती हवी आहे. दुसऱ्या रुग्णालयाला मात्र जोडप्यातील दुसऱ्या व्यक्तीपेक्षा तो एकटाच अधिक पसंत आहे. आता जोडप्याला जागा दिल्या तर रिकामा राहिलेला एकटा अर्जदार आणि दुसरे रुग्णालय परस्परांशी हातमिळवणी करतील. तसे झाले की जोडपे मोडून पहिली जागा रिकामी होईल, आणि एकटा आपल्या अधिक आवडीच्या त्या जागेकडे जाईल. तो तेथे गेला की दुसरी जागा रिकामी होऊन जोडपे परत येईल आणि पहिले रुग्णालय त्याला बाजूला सारून जोडप्यातील पहिल्या व्यक्तीला घेईल. हे चक्र कोठेच थांबत नाही. सर्वांनी सचोटीने आपली खरी पसंती सांगितली असूनही कोणाचीही तक्रार उरणार नाही अशी जुळणी येथे अस्तित्वातच नाही.

यापुढची वार्ता अधिक निराशाजनक होती. दिलेल्या पसंतीक्रमांसाठी स्थिर जुळणी आहे की नाही एवढे ठरवणे हेच गणनदृष्ट्या अतिकठीण प्रश्नांच्या वर्गात मोडते, असे आयटन रॉन यांनी १९९० साली सिद्ध केले. शिवाय एकट्यांच्या जगात प्रत्येक स्थिर जुळणीत भरलेल्या जागांची संख्या तीच राहते, आणि एका जुळणीत ज्या रुग्णालयाच्या जागा रिकाम्या राहतात त्याच्या त्या दुसरीतही तशाच राहतात. ग्रामीण रुग्णालयांच्या दृष्टीने महत्त्वाचा असलेला हा नियमही जोडपी आली की कोसळतो. एका पद्धतीने जुळवणी केली तर एखाद्या आडगावच्या रुग्णालयाला वैद्य मिळेल आणि दुसऱ्या पद्धतीने मिळणार नाही, अशी शक्यता निर्माण होते. मग कोणती पद्धत निवडावी हा निर्णय निव्वळ तांत्रिक राहत नाही.

व्यवहाराने दिलेले उत्तर

१९९०च्या दशकाच्या मध्यास विद्यार्थी-संघटनांनी, जुनी पद्धत रुग्णालयांना झुकते माप देते अशी तक्रार केली, आणि नव्या रचनेचे काम रॉथ यांच्याकडे सोपवण्यात आले. त्यांनी एलियट पेरन्सन यांच्यासह केलेली रचना १९९८च्या जुळणीपासून अमलात आली. तीत प्रस्ताव विद्यार्थ्यांकडून सुरू होतो. अर्जदार एकामागून एक व्यवस्थेत घेतले जातात, आणि एखाद्या जोडप्यातील एकाला त्याच्या जागेवरून हटावे लागले तर त्याच्या सहचराचीही जागा मोकळी करून त्या रुग्णालयाचा, तेथे पूर्वी नाकारल्या गेलेल्या अर्जदारांच्या दृष्टीने, पुन्हा विचार केला जातो. एकट्यांना आधी आणि जोडप्यांना मागाहून घेतले असता चक्रात सापडण्याचा प्रसंग कमी येतो, हे त्यांना प्रयोगाने आढळले. आणि सर्वांत उल्लेखनीय गोष्ट अशी की, ज्या ज्या वर्षांच्या पसंतीक्रमांवर त्यांनी ही पद्धत चालवून पाहिली त्या प्रत्येक वर्षी स्थिर जुळणी सापडली. विद्यार्थ्यांकडून सुरुवात करण्याऐवजी रुग्णालयांकडून केली असती तर हजारात एखाद्याच अर्जदाराच्या नेमणुकीत फरक पडला असता.

सिद्धांत म्हणतो अशक्य, अनुभव म्हणतो सुलभ. या विसंगतीची उकल करण्यात पुढील दोन दशके गेली. बेट्टिना क्लाउस आणि फ्लिप क्लिन यांनी २००५ साली दाखवले की एका सहचराची स्थिती सुधारणे हे जोडप्याच्याही हिताचेच असेल तर स्थिर जुळणी निश्चित असते. परंतु एकाच गावी राहण्याची इच्छा ही नेमकी या अटीत बसत नाही, म्हणून हे उत्तर ज्यांना हवे होते त्यांच्या फारसे उपयोगी पडले नाही. २०१३ साली फुहितो कोजिमा, पराग पाठक आणि रॉथ यांनी मानसशास्त्रज्ञांच्या अशाच जुळणीतील माहितीच्या आधारे दुसरा मार्ग धरला: व्यवस्था विशाल असेल, जोडप्यांची संख्या त्या मानाने मंद गतीने वाढत असेल आणि प्रत्येक अर्जदार थोड्याच ठिकाणांची नावे देत असेल, तर स्थिर जुळणी न सापडण्याची शक्यता नगण्य होत जाते, आणि खोटी पसंती नोंदवून लाभ उठवण्याची संधीही त्याचप्रमाणे आकुंचित होते. इताई अश्लागी, मार्क ब्रेव्हरमन आणि अव्हिनातन हसिदिम यांनी पुढील वर्षी या मर्यादा बऱ्याच सैल केल्या, पण एक इशाराही दिला: जोडप्यांचे प्रमाण एकूण अर्जदारांच्या ठरावीक हिश्शाइतके कायम राहिले, तर व्यवस्था कितीही मोठी असो, अपयशाची शक्यता शून्यावर येत नाही. थान्ह न्गुयेन आणि राकेश व्होरा यांची २०१८ची सूचना तर प्रशासकाने विशेष लक्ष द्यावे अशी आहे. कोणत्याही रुग्णालयाच्या जागांत दोहोंपेक्षा अधिक फरक न करता, आणि एकूण जागा कमी न होऊ देता फार तर चारांनी वाढवून, स्थिर जुळणी नेहमीच साधता येते, असे त्यांनी सिद्ध केले. चार जागांच्या मंजुरीने सबंध देशाची अडचण दूर होत असेल, तर हा खर्च मला अल्प वाटतो. परंतु मंजुरी देणारे खाते आणि जुळणी करणारे दप्तर सहसा एक नसते, आणि अडचण तेथेच आहे.

ब्रिटनचा निराळा मार्ग

ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकापासून निरनिराळ्या प्रदेशांनी आपापल्या जुळणी-पद्धती चालवल्या होत्या. स्थिर जुळणी देणाऱ्या एडिंबरो व कार्डिफच्या पद्धती टिकल्या, तर न्यूकॅसल व बर्मिंगहॅमच्या अस्थिर पद्धती कोसळल्या, हे रॉथ यांनी १९९१ साली दाखवल्यापासून स्थिरतेच्या पक्षाला तेथूनच मोठे बळ मिळाले. तरीही, २००५पासून सुरू झालेल्या, पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या 'फाउंडेशन प्रोग्रॅम'मध्ये जोडप्यांसाठी जी तरतूद झाली ती अमेरिकेहून अगदी वेगळ्या वृत्तीची होती. तेथे 'जोडअर्ज' करणाऱ्या दोघांना प्रादेशिक विभागांचा एकच पसंतीक्रम द्यावा लागे, दोघांनाही एकाच विभागात नेमले जाण्याची हमी मिळे, आणि त्या बदल्यात दोघांपैकी ज्याचे गुण कमी त्याचेच गुण दोघांचे म्हणून धरले जात. विभागाच्या आत मात्र दोघांची रुग्णालये निरनिराळ्या शहरांत असू शकत. स्कॉटलंडच्या योजनेत, ग्लासगो येथील संशोधकांच्या साहाय्याने, दोघांच्या स्वतंत्र याद्या आणि कोणती ठिकाणे परस्परांच्या आवाक्यात मानावयाची याचा एक तक्ता, यांवरून संयुक्त यादी यंत्रानेच तयार करण्याचा प्रयोग झाला. शेकडो ओळी हाताने लिहिण्याचा भार त्याने हलका होतो, पण जोडप्याच्या सूक्ष्म तडजोडीही त्याबरोबर पुसल्या जातात.

कमी गुणांचा नियम कठोर दिसला तरी त्याचे एक गणिती पुण्य आहे. सर्व रुग्णालये एकाच गुणानुक्रमाला बांधलेली असतील आणि जोडपे त्या क्रमात एकाच पायरीवर उभे असेल, तर वर वर्णन केलेले चक्र उद्भवतच नाही: जोडप्याची पाळी आली की उरलेल्या जागांतील उत्तम जोडी त्याने उचलावी आणि पुढच्याने पुढचे पाहावे. २०२४पासून ब्रिटनने गुणांची पद्धत सोडून यंत्राने सोडत काढल्याप्रमाणे दिलेल्या क्रमांकावर वाटप सुरू केले आहे, आणि अर्जदाराची गुणवत्ता विभागाच्या वाटपातून बाजूला झाल्यामुळे या नियमामागील जुने समर्थन तेथे पूर्वीसारखे राहिलेले नाही.

न्याय कोणाला

वादाचे खरे क्षेत्र येथून सुरू होते. एका पक्षाचे म्हणणे असे की जागा ही व्यक्तीच्या योग्यतेला मिळावयाची असते. जोडप्यासाठी केलेली कोणतीही सोय शेवटी एखाद्या एकट्या अर्जदाराच्या खर्चाने होते, आणि वृद्ध आईवडिलांजवळ राहू इच्छिणाऱ्या एकट्याची निकड जोडप्याच्या निकडीहून कमी का मानावी, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत रुग्णालयाचा क्रम जोडप्यामुळे बदलत नाही, हे खरे. पण एका खात्याचा प्रमुख दुसऱ्या खात्याच्या प्रमुखाशी बोलून आपल्याला हवा असलेल्या उमेदवाराच्या सहचराला वर घेण्याची विनंती करू शकतो, आणि असे बोलणे एकट्यासाठी कोणी करीत नाही.

दुसरा पक्ष असे उत्तर देतो की जोडप्याला सवलत मिळत नसून ते किंमतच मोजत असते: एकत्र राहण्यासाठी दोघांपैकी निदान एकजण आपल्या यादीत पुष्कळ खाली उतरतो. शिवाय सोय नाकारल्याने जोडपी नाहीशी होत नाहीत; ती आडवाटा शोधतात, किंवा एकजण, बहुधा पत्नी, प्रशिक्षणच लांबणीवर टाकते, आणि त्यात समाजाने शिकवलेल्या वैद्याचा काही वर्षांचा काळ वाया जातो. मला या दुसऱ्या पक्षाचे म्हणणे अधिक वजनदार वाटते, तथापि पहिल्या पक्षाच्या एकट्या अर्जदाराविषयीच्या प्रश्नाला त्याने पुरते उत्तर दिले आहे असे म्हणता येत नाही. ब्रिटनने ते देण्याचा यत्न स्वतंत्र खिडकीने केला आहे: आजारी नातेवाइकाची शुश्रूषा, अपत्याचे संगोपन, स्वतःचा आजार अशा विशेष परिस्थितीच्या अर्जदारांना नेमणूक आधीच देण्याची तरतूद तेथे आहे, आणि ती एकट्यालाही खुली आहे.

जे शिल्लक आहे

कालपत्रकाची विसंगती हे अमेरिकेतील सर्वांत ठळक न्यून आहे. नेत्रशल्य व मूत्रशल्य या शाखांच्या जुळण्या मुख्य जुळणीच्या आधी, निराळ्या दप्तरांत होतात; त्यामुळे त्या शाखेतील व्यक्तीला आपल्या सहचरासह संयुक्त यादी देता येत नाही आणि जुनी 'अग्रणी' पद्धतच मागच्या दाराने परत येते. ऑस्टिओपॅथी शाखेची वेगळी जुळणी २०२०पर्यंत मुख्य व्यवस्थेत विलीन झाली, तेव्हा त्या विभागणीपुरता हा प्रश्न मिटला; इतर शाखांत तो तसाच आहे. दोघांपैकी एक वर्षभर पुढे असेल तर काय, याची तरतूद कोठेच समाधानकारक नाही.

भारतात हा प्रश्न अद्याप औपचारिकरीत्या उपस्थितच झालेला नाही. शासकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून आणि उरलेल्या राज्यांच्या फेऱ्यांतून भरल्या जातात, आणि प्रत्येक फेरीत उमेदवार आपल्या गुणानुक्रमाने एकटाच उभा असतो. जोडप्यांना मागील वर्षांचे अखेरचे क्रमांक पाहून, वरच्या क्रमांकाच्या सहचराने कोणती जागा स्वीकारावी म्हणजे खालच्याला त्याच शहरात काही मिळेल, असा अंदाज बांधावा लागतो. १९७०च्या दशकातील अमेरिकी जोडप्यांचीही गत याहून फार निराळी नव्हती. एकत्र राहण्याची निकड आपल्या शासनाला अमान्य आहे असेही नाही: पती-पत्नींना शक्यतो एकाच ठिकाणी नेमावे अशा केंद्राच्या सूचना १९८६पासून आहेत, आणि महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरण हा स्वतंत्र संवर्गच आहे. परंतु ही सारी सोय नोकरीत रुजू झाल्यानंतरची आहे; प्रशिक्षणाच्या जागेला बदली नसते.

गुणानुक्रम एकच असल्यामुळे ब्रिटनची जुनी तरतूद येथे गणिताच्या दृष्टीने तुलनेने सुकर आहे. अडचण आपल्या रचनेतच निराळ्या ठिकाणी आहे: दोघांपैकी एक राखीव प्रवर्गातील व दुसरा खुल्या प्रवर्गातील असेल, किंवा एकाला राज्याच्या कोट्याचा हक्क असून दुसऱ्याला नसेल, तर 'दोघांपैकी खालचा क्रमांक' कोणत्या यादीवर मोजावयाचा, आणि वरच्या क्रमांकाच्या उमेदवाराने संयुक्त अर्जासाठी सोडून दिलेली राखीव जागा कोणाकडे जावयाची, हे आधी ठरवावे लागेल, आणि ते ठरवताना आरक्षणाच्या मूळ हेतूला बाध येत नाही ना, याची खात्री प्रवेश-प्रक्रियेच्या दप्तराने नव्हे, तर विधिमंडळाने आणि न्यायालयांनी करून घ्यावी लागेल.